एकशेवीसच्या आत

२५ मार्च २००७

आज नागपूरहून गुणवंतराव आले. एकेकाळी हे गृहस्थ कुस्त्यांच्या दंगली भरवायचे. आता म्हणतात, कुस्तीला कुत्रंही विचारत नाही, लोकांना टीव्हीवर दिसतं तसलं पाहिजे. म्हणून पिंजऱ्यातली लढत. त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स असं लांबलचक नाव आहे. कुस्ती, ठोसे, लाथा, गळा आवळणं, सगळं चालतं. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, एवढं मात्र पाळायचं. जुलैत हैदराबादला पहिले सामने आहेत. त्यांना आपल्या भागातून सर्वांत जड गटात एक गडी उतरवायचा आहे.

मी त्यांना प्रफुल दाखवला. हा चामोर्शीकडचा. आलापल्लीला लाकडाच्या डेपोत ओंडके चढवायचा, तिथल्या एका ट्रकवाल्याने थंडीत माझ्याकडे आणून सोडला. वजन एकशे अठ्ठावीस. पण हा चरबीचा डोंगर नाही. मांजरासारखा वळतो. गुणवंतरावांसमोर त्याने दोघांना असं उचलून ठेवलं की ते खिशातला रुमाल काढून नुसतेच बसले.

"मुजफ्फरभाई, मले एकच सांगा," जाताना म्हणाले. "हा वर जाईन का मधातच बसून जाईन? तुमी हो म्हनलं तर उतरवतो."

मी म्हटलं, उन्हाळा जाऊ द्या, मग सांगतो. शाळेत पी.टी. मास्तर होतो तेव्हापासून तालीम चालवतोय. माणूस जिना कसा उतरतो ते पाहून त्याची कुस्ती सांगतो. बढाई मारत नाही, अख्ख्या बाबुपेठेत कोणालाही विचारा. हाजरा म्हणाली, "लिहून ठेवत जा, आता तुमाले कालची भाजी आठवत नाई." बायकोचा सल्ला मानून लिहायला घेतलं आहे.

२९ मार्च

पकड: फार चांगली. ओंडक्यांची देणगी. मान: बैलाची. ठोसा: अजून शेतकऱ्यासारखा मारतो, वरून खाली, जणू लाकूड फोडतोय. शिकेल. स्वभाव: गरीब. फारच गरीब. खाली पाडल्यावर समोरच्याला हात देऊन उठवतो. पिंजऱ्यात हे चालणार नाही.

दम: अजून पाहायचा आहे. दम पाहायची आमच्या तालमीची रीत जुनी आहे, माझ्या वस्तादांची. तीन ताजे गडी एकामागून एक अंगावर सोडायचे. मध्ये ना पाणी, ना बैठक. तिसऱ्याच्या वेळी माणसाच्या पोटात जे असतं ते बाहेर येतं. गुणवंतरावांना सांगितलं आहे, शेवटची चाचणी त्यांच्यासमोर अशीच घेईन.

३ एप्रिल

प्रफुलची आई आली होती. मनकर्णाबाई. नवरा नाही, थोडी धानाची शेती आणि रोजमजुरी. अंगाने काडी. हा एवढा ऐवज हिच्या पोटी आला कसा, देव जाणे. सोबत प्रफुलची बहीण पिंकी. हिचं लग्न जमलंय, मूल गावाकडचा मुलगा, पंचायत समितीत लागलेला आहे. जूनमध्ये, पेरणीच्या आधी. बाई बोलता बोलता तीनदा म्हणाली, "लगन नीट होऊन गेलं म्हनजे मी मोकळी."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. कधी मोठा आजार? कुठे मार? छातीत दुखतं का? प्रफुलने तोंड उघडलं, तेवढ्यात आईच म्हणाली, "नाई जी भाऊ. माह्या पोट्ट्याले कधी तापबी नाई आला."

प्रफुल जमिनीकडे पाहत होता. पिंकी आईकडे. आईलाच सगळं ठाऊक असतं. मला बाई आवडली.

१२ एप्रिल

आज वाईट दिवस. खाणीच्या मातीचा ढिगारा आहे ना गावाबाहेर, त्यावर पळवायला नेला. इतर पोरं वर-खाली करून हसत होती. हा पहिल्यांदा वाऱ्यासारखा चढला, दुसऱ्यांदा अर्ध्यात थांबला आणि बसला. पडला नाही, धापही फारशी नाही. सरळ बसला.

"वस्ताद, पाय चालत नाई."

"काय होते?"

"काई होत नाई. पायच नाई वाटत."

मी पोटऱ्या दाबून पाहिल्या. गोळा आलेला असेल तर हाताला दगड लागतो. याच्या पोटऱ्या मऊ. कणकेसारख्या. म्हणजे दुखणं नाही, मनाचा खेळ. पोरांसमोर बोललो त्याला, नको तेवढं बोललो.  तो नळावर जाऊन घटाघटा पाणी प्यायला, सावलीत पडला आणि थोड्या वेळाने हसत उठला, जणू काही झालंच नाही. मग तर मला खात्रीच पटली.

एवढ्या अंगाचा माणूस, आणि आत आळस. याचं वाईट वाटतं मला, राग नाही. राग थोडा आहे.

२० एप्रिल

आज गंमत झाली. इंदुताई म्हणून एक आरोग्यसेविका मोहल्ल्यात आल्या होत्या, सिकलसेलची तपासणी करत. तालमीतही आल्या. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेत होत्या. मी विचारलं, ही काय भानगड आहे? म्हणाल्या, "भाऊ, यात रक्ताच्या पेशी गोल नाई राहात, विळ्यासारख्या वाकड्या होतात. आईकडून आन् बापाकडून दोन्हीकडून आलं तर लेकरू जन्मभर दुखनं भोगते, हाडं दुखतात, रक्त कमी पडते. एकाकडूनच आलं तर मानूस धडधाकट राह्यते. त्याले काई होत नाई. फक्त लगन करताना पाहावं, समोरचा बी तसाच नसावा."

मी म्हटलं, बाई, माझ्या तालमीत सगळे धडधाकटच आहेत, घ्या पाहिजे तेवढं रक्त. आणि पाहतो तर प्रफुल मागच्या दाराने पसार. एकशेवीस किलोच्या वरचा गडी सुईला भ्याला. पोरं दिवसभर त्याला सुईधागा म्हणून चिडवत होती.

संध्याकाळी परत आला तेव्हा विचारलं. म्हणाला, "आईनं सांगतलं हाये, पिंकीचं लगन होतपर्यंत कोनाले रक्त द्याचं नाई."

काय एकेक समजुती असतात लोकांच्या. मी पुढे विचारलं नाही.

४ मे

गुणवंतरावांचा फोन. गटाची मर्यादा एकशेवीस. एक किलोही वर चालणार नाही, बाहेरचे पंच येणार आहेत. एकोणीस मेच्या चाचणीलाच तेवढं वजन भरून दाखवा म्हणाले. प्रफुल अजून सव्वाशेला अडकलाय. म्हणजे आता वजन तोडायचं. भात बंद, मीठ बंद, शेवटच्या आठवड्यात पाणी तोडायचं. प्लास्टिकचा रेनकोट, वरून घोंगडी, आणि दुपारी पळायचं. चंद्रपूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

हाजरा म्हणाली, "मानूस हाये का पापड?" तिला कुस्तीतलं कळत नाही. आम्ही सगळ्यांनी हेच केलं आहे आणि सगळे जिवंत आहोत.

११ मे

आज माझा जीव हरखला. काल त्याला पूर्ण सुट्टी दिली होती, पाणीही हवं तेवढं पिऊ दिलं होतं. आज उतरला आणि काय उतरला. बल्लारशाहचा तो पोलिसातला पहिलवान, त्याला कमरेत धरून असा आपटला की भिंतीवरचं घड्याळ थांबलं म्हणून पोरं सांगतायत. ठोसा आता सरळ येतो. खाली पाडल्यावर वर चढून बसतो, हात देत नाही. मी असा गडी पाहिलेला नाही. 

नंतर आम्ही दोघंच बसलो होतो. मी विचारलं, हैदराबादला जिंकलास तर काय करशील. 

"डेपोत परत नाई जाईन," म्हणाला. "आन् पिंकीच्या सासरी जाईन तवा लोक म्हनतीन, हा तिचा भाऊ हाये."

एवढंच. एवढ्या मोठ्या देहाला एवढीशी हौस. मी म्हटलं, तुझा दम तेवढा सुधारला पाहिजे. त्यावर म्हणाला, "वस्ताद, पानी पेलो का मी चांगला राह्यतो." मी हसलो. पाणी पिऊन कोण चांगला राहत नाही?

१५ मे

लघवी काळ्या चहासारखी होते म्हणतो. घाबरला आहे. मी सांगितलं, उन्हाळ्यात इथे सगळ्यांची होते, वजन उतरल्याची खूण आहे. कंबर दुखते म्हणतो. तीही दुखणारच. एकशे बावीस.

मनात मात्र किंचित कुठेतरी लागून राहिलं आहे. चाचणी पुढे ढकलावी का? पण गुणवंतरावांनी गोंदियाचाही एक गडी पाहून ठेवला आहे म्हणे. दिवस गेला की संधी गेली. आणि प्रफुललाच विचारलं तर म्हणाला, "नाई वस्ताद, होऊन जाऊ द्या."

१८ मे

उद्या चाचणी. एकशेवीस आणि थोडं. सकाळी रेनकोट घालून एक फेरी मारली की आत येईल. हाजराने त्याच्यासाठी लिंबाचं सरबत करून ठेवलं होतं. मी मोरीत ओतलं. ती माझ्याशी बोलत नाही आहे. प्रफुल ओठांवरून जीभ फिरवत खाटेवर पडला आहे.

मी गुणवंतरावांना काय सांगायचं ते ठरवलंय. हो म्हणायचं.

२१ मे

लिहायला बसवत नाही. पण लिहिलं नाही तर डोक्यात फिरतच राहील.

वजन बरोबर एकशेवीस भरलं. गुणवंतरावांनी टाळ्या वाजवल्या. पहिला गडी उतरला, त्याला प्रफुलने चुटकीसरशी खाली घेतलं. दुसऱ्याला धरलं आणि मधेच त्याची पकड सुटली. मागे सरकला. गुडघे वाकले आणि सावकाश बसला, जसा त्या ढिगाऱ्यावर बसला होता तसाच. शुद्धीत होता. डोळे उघडे. माझ्याकडे पाहत होता.

"वस्ताद, पाय गेले."

गुणवंतराव म्हणाले, "झालं का याचं?" त्या स्वराने माझं डोकं फिरलं. मी त्याच्या पोटऱ्यांना हात लावला, मऊ होत्या. मी म्हटलं, ऊठ. नाटक नको. ऊठ. तो उठला. खरोखर उठला, आणि तिसरा गडी मी त्याच्यावर सोडला.

त्याने त्या तिसऱ्याला हातही लावला नाही. माझ्याकडेच येत होता. काहीतरी मागायला यावं तसा. मग पडला.

दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होता. पाणी, पाणी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी आई आणि पिंकी आल्या तेव्हा बोलणं बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, स्नायू विरघळल्यासारखे झालेत, मूत्रपिंडं बंद पडली आहेत, रक्तातच काही असेल तर पाणी तुटल्यावर श्रमाने असं होतं. त्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "घरात कोणाला सिकलसेल आहे का?"

मी तिथेच उभा होतो. मनकर्णाबाई म्हणाली, "नाई."

मला मागचं दार आठवलं. सुई आठवली. मी फरशीकडे पाहत राहिलो. घरची गोष्ट घरच्यांनी सांगावी असं वाटलं, की मला तोंडच उघडवेना, ते आता सांगता येत नाही.

आज पहाटे गेला.

२४ मे

चामोर्शीकडून परत आलो. गावात कोणी मला पाणी विचारलं नाही आणि तेच बरोबर होतं. लोक म्हणत होते, वस्तादाने उन्हात मारला पोट्ट्याले. एकाने तर अंगावर धावायचं तेवढं बाकी ठेवलं.

सगळं उरकल्यावर मनकर्णाबाईने मला घराच्या मागे नेलं. रडत नव्हती.

"शाळेत होता तवाच तपासलं होतं," म्हणाली. "अर्धा निघाला, एकाकडूनच आलेला. पिंकी बी अर्धी हाये. त्या बाईनं म्हनलं होतं, याइले काई होत नाई. भाऊ, काई होत नाई म्हनलं होतं नं?"

मी म्हटलं, हो, काही होत नाही असंच म्हणतात.

"मंग हे काऊन झालं?"

 पुढे म्हणाली, "लोक तुमाले बोलून राह्यले. मले माहीत हाये. पन तुमी सिकलसेलचं नाव नका काढू. उन्हानं गेला म्हनतीन तर म्हनू द्या. नाव निंघालं तर पोरीचं लगन मोडते. मंग तिले कोनी नाई करत."

मी मान हलवली. येताना बसमध्ये, लाज वाटते लिहायला, मला हलकं वाटलं. त्याच्या रक्तातच होतं. माझं काही नव्हतं. आणि वर, सगळा बोल मी माझ्या अंगावर घेतोय त्या पोरीसाठी. एवढं तरी चांगलं माझ्या हातून घडतंय, असं वाटलं.

२७ मे

हाजराला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, बिचारे तुम्ही. ती कांदा चिरत होती. चिरत राहिली.

"रक्त त्याचं होतं," ती म्हणाली. "पानी कोनी तोडलं?"

मी ओरडलो तिच्यावर. एवढ्या वर्षांत असा ओरडलो नव्हतो. नंतर ती शेजारच्या आयतकडे जाऊन बसली. तालीम बंद आहे. पोरं आपणहूनच येत नाहीत.

२ जून

गुणवंतरावांचा फोन. झालं ते वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, गोंदियाचा गडी पाहायला या, तुमची नजर पाहिजे. मी फोन ठेवून दिला. मग दिवसभर वाटत राहिलं, नीट बोलायला हवं होतं.

९ जून

मनकर्णाबाईचा निरोप आला. लग्न उद्याच आहे, साधंच, बुद्धविहारात. लांबवलं तर वर्षभर होणार नाही, आणि मुलाकडचे थांबणार नाहीत. "लोक काईबी म्हनतीन, पन भाऊ, तुमी या. प्रफुलच्या जाग्यावर कोनी नाई."

हाजरा जाऊ नका म्हणाली. मी जातो.

१० जून

गेलो. वेळेवर पोचलो. विहारासमोरचा मांडव लहान, माणसं मोजकी. लोक माझ्यापासून सरकून बसले. मी मुलाकडच्यांच्या बाजूला जाऊन बसलो, तिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

शेजारी खाटेवर नवऱ्या मुलाची बहीण होती. धुरपता नाव. पिंकीच्याच वयाची. एवढ्या उकाड्यात गुडघ्यांना लोकरीची पट्टी गुंडाळलेली. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या बोटासारखा. मी सहज म्हटलं, बाई, पायाला लागलं का? तिची मावशी पदराने वारा घालत होती, तीच बोलली.

"लागलं नाई जी. लहानपनापासून असंच हाये. सांधे दुखतात. दर थोड्या महिन्याइनं रक्त चढवा लागते. हिच्या मोठ्या भावालेबी असंच होतं, तो नाई राह्यला."

मी विचारलं, आणि नवरा मुलगा?

"तो धडधाकट हाये. त्याले कधी काई नाई."

इंदुताईंचं बोलणं आठवलं, दोन्हीकडून आलं तर जन्मभर दुखणं, एकाकडूनच आलं तर धडधाकट. मी उठून मनकर्णाबाईकडे गेलो. ती पिंकीची पांढरी साडी खांद्यावर नीट करत होती. तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, त्या मुलाचं रक्त पाहायला लावा. आत्ता लग्न थांबवा. मी सांगतो सगळ्यांना, माझ्यावर येऊ द्या.

तिने मुलाकडच्या त्या खाटेकडे पाहिलंही नाही.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "पाहाले आले तवाच दिसली होती ते पोरगी. त्याइनं आमाले पुसलं नाई, आमी त्याइले नाई पुसलं. तुमी बसा."

"आणि उद्या लेकरं झाली तर?"

"एक गेलं भाऊ. आता हे बी मोडू काय?"

मी पिंकीकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं की नाही, कळलं नाही. ती सरळ समोर बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर सगळा मांडव माझ्याकडेच वळला असता, पोरगा मारणारा वस्ताद आता लग्न मोडायला आला म्हणून. ते मला सहन झालं असतं. तिला झालं असतं का, हे मी ठरवू शकलो नाही. माणूस पाहून सांगणारा मी, एवढं मला सांगता आलं नाही.

बौद्धाचार्य उभे राहिले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. कोणीतरी माझ्या हातात फुलांच्या पाकळ्या दिल्या. गाथा सुरू झाल्या. ओंजळ घामाने ओली झाली होती, पाकळ्या हाताला चिकटल्या होत्या. 'साधू, साधू' म्हणत सगळ्यांनी नवरानवरीवर टाकल्या, तेव्हा मीही टाकल्या.